भाकरीचा आवाज

नवऱ्यानं टाकलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. आमचं गाव जतच्या पूर्वेला, शिवारातून चालत निघालं की पुढं कर्नाटक. शाळा चौथीतच सुटलेली, हाताला काम नाही, आणि आईच्या घरात भावजय माझं ताट वाढताना रोज एकदा तरी माझ्याकडं बघायची. दोन वर्षं ते बघणं सोसलं. मग गावातल्या काही बायका लोणंदला कांदा निवडायला निघाल्या, त्यांच्या टोळीत मी शिरले. हंगाम संपला, बायका परत गेल्या. मी कांद्याच्या वखारीच्या मालकाला म्हटलं, मी राहते. तो म्हणाला, रहा, पण झोपायचं कुठं ते तुझं तू बघ.

मग मी खोली शोधायला लागले. लोणंदची माणसं काही वाईट नव्हती. पाणी द्यायची, बसा म्हणायची, गाव विचारायची. मग आडनाव विचारायची. आडनाव सांगितलं की घरातली बाई आत जायची आणि जरा वेळानं बाहेर येऊन सांगायची, त्या खोलीत आम्ही कांदा भरणार आहोत. तीन घरांत मला कांदाच आडवा आला.

चौथ्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी डाळ निवडत बसली होती. कपाळ मोकळं, हात मोकळे, पदर डोक्यावरून घट्ट. तिनं मला पाणी विचारलं नाही की बस म्हटलं नाही.

"कोण म्हणायचं तुमी?"

"बौद्ध."

"ते कळलं. दारू पितीस का?"

"न्हाई."

"गडी माणूस आणून ठेवशील?"

"न्हाई, आई."

"मग ऱ्हा. मागल्या अंगाला खोली हाय. दार आपटायचं न्हाई. आमच्या मालकांनी फौजेत कुणाकुणाच्या ताटाला ताट लावलंय ते मला म्हाईत हाय, मला काय सांगू नगंस."

मी काहीच सांगत नव्हते. मी रडत होते. ती म्हणाली, "आता डाळीत टिपं पाडतीस का? व्हय बाजूला."

आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना आधी हेच लिहावंसं वाटतं, की त्या बाईनं मला छप्पर दिलं. पुढं जे लिहायचं आहे ते वाचून कुणी तिला वाईट म्हणू नये. आणि मला कुणी चांगलं म्हणू नये.

म्हातारीला दोन मुलगे. थोरला शेजारीच. एकाच घराची वाटणी करून मधे भिंत घातलेली, पण भिंत आढ्यापर्यंत नेलीच नव्हती. वर हातभर फट तशीच. पलीकडं थोरल्याची बायको शिंकली तरी अलीकडं कळायचं. धाकटा साताऱ्याला, फौजेतून सुटून आलेला, आता बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहायचा. म्हातारीचा नवरा तीन वर्षं अंथरुणाला होता, आणि त्याचं सगळं थोरल्या सुनेनंच केलं होतं. हेही लिहायला पाहिजे. ती बाई कष्टाला मागं नव्हती. फक्त एकदा करून झालं होतं, आणि पुन्हा तेच आपल्या वाट्याला येणार आहे ते तिला दिसत होतं.

म्हाताऱ्याच्या वर्षश्राद्धाला भावकी बसली, तेव्हा ठरलं होतं. आईच्या हातची भाकरी आहे तोवर आईची चूल वेगळी. ज्या दिवशी आईच्यानं भाकरी होणार नाही, त्या दिवशी चूल बंद, आणि दोन महिने लोणंद, दोन महिने सातारा अशी पाळी. तिच्या दोन खोल्या थोरल्याला कांदा ठेवायला.

हे मला तिनंच सांगितलं, चुलीपुढं बसून.

"पाळीची म्हातारी बघितलीस का कवा?" ती म्हणाली. "आमच्या चुलत जावेला बघ. पिशवी घिऊन या घरातनं त्या घरात. म्हयना संपायच्या आदीच सून पिशवी दारात ठेवती. माझ्या पिशवीला अजून बंद बी लावला न्हाई मी."

आणि हसली. तिचं हसणं मोठं असायचं. तेव्हा ती सत्तरीच्या पुढं होती, गुडघे वाजायचे, पण सकाळी सहाला काठवट पुढं ओढायची आणि भाकरी थापायला बसायची. तिचा हात मला झोपेतसुद्धा ओळखू यायचा. चार थापा, मग थांबून भाकरी फिरवायची. पुन्हा चार. आमच्याकडं जतला तसं नाही. आम्ही फिरवत फिरवतच थापतो, सलग, पावसासारखं. मी एकदा म्हटलं, "आई, तुमी लय थांबताय."

"तुमचं काय बया, कानडी मुलूख, भाकरीच्या पाठीमागं लागल्यागत थापता. मला कुठं इस्टी धरायचीया?"

तेव्हापासून ती मला जतकरीण म्हणायला लागली. मलाही ते आवडायचं. नवऱ्याच्या घरी मला नावच नव्हतं, ए म्हणायचे.

दुसऱ्या पावसाळ्यात तिचे हात सुजले. आधी अंगठ्याची मुळं, मग बोटांची पेरं. सकाळी मूठ मिटायची नाही. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, गरम पाण्यात हात बुडवून मुठी मिटा-उघडा म्हणून सांगितलं. निघताना तो मला म्हणाला, "त्यांचं त्यांना करू द्या. वेळ लागला तरी करू द्या. एकदा सोडलं की परत येत नाही." मी मान हलवली. मला वाटलं, डॉक्टरला असं सांगावंच लागतं.

गणपतीच्या आधीचा एक दिवस. मी वखारीला जायच्या घाईत न्हाणीतून आले तर चुलीपुढं म्हातारी बसलेली, काठवटीत पिठाचा गोळा तसाच, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज अजिबात नाही. वरच्या फटीतून पलीकडं जाऊ नये म्हणून तिनं ओठ दाताखाली धरला होता.

मी तिच्यापुढची काठवट ओढली.

तिनं माझा हात धरला. वाटलं, नको म्हणेल. ती कुजबुजली, "हात धुतलास का?"

"धुतला."

"बांगड्या."

मला कळलं नाही. तिनं भिंतीकडं बोट केलं, मग स्वतःच्या मोकळ्या मनगटाकडं. विधवेच्या हातात काच वाजत नाही. मी बांगड्या वर कोपराकडं सारल्या आणि त्यांवर फडकं गच्च बांधलं. मग तिनं जमिनीवर बोटानं ठेका दिला. चार. थांब. फिरव. मी थापत गेले. पहिली भाकरी कुठं न फाटता तव्यावर पडली तेव्हा ती माझ्याकडं न बघता, भिंतीकडं तोंड करून मोठ्यांदा म्हणाली, "पिठाला विरी लय चांगली हाय औंदा."

पलीकडून सून म्हणाली, "व्हय का आत्याबाई?"

आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. इतकं हसू मला लग्न झाल्यापासून आलं नव्हतं.

त्या दिवशी वखारीत कांदे निवडताना मी फार खूश होते. चांगला कांदा एकीकडं, कोंब आलेला एकीकडं, सडका लांब, आणि मनात एकच, मी उपकार फेडतेय. मी आता त्या घरात नुसती ठेवून घेतलेली बाई राहिले नव्हते. जे भित्रं माणूस दुसऱ्याच्या छपराखाली असतं त्याला उपकार फेडायची फार घाई असते, हे मला पुढं कळलं. फेडले की हाकलणार नाहीत, असं त्याला वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी थापली. तिसऱ्या दिवशीही. आधी आमचं ठरलं होतं, हात उतरेपर्यंत. गोळ्यांनी सूज थोडी उतरली. एकदा सकाळी ती म्हणाली, "सरक, आज मी बघती." बसली. दोन थापा मारल्या, थांबली, बोटं झटकली. पुन्हा दोन. होत होतं, पण हळू. माझं आठाचं काम होतं. वखारीत उशिरा गेलं की मालक दारात उभा राहायचा. मी म्हटलं, "द्या आई, मी करते पटकन." तिनं दिलं. मला वाटलं तिला बरं वाटलं.

खरं सांगायचं तर त्या सकाळी तिनं अर्धी भाकरी थापली होती. उरलेली अर्धी मी तिच्या हातातून घेतली. तिला वेळ लागला असता, दुखलं असतं, पण झाली असती. मला घाई होती. त्यानंतर तिनं "सरक" म्हटलं नाही.

पुढं एकेक करून सगळंच गेलं. हात चालत नाहीत म्हणून वेणी मी घालायला लागले. वेणी मीच घालायची म्हटल्यावर माझी सुट्टी असेल तेव्हाच डोकं धुवायचं. डोकं चिकट म्हणून ती ओट्यावर बसेना. ओट्यावर बसेना म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलणं तुटलं. दिवसभर बसून बसून गुडघे धरले, मग न्हाणीपर्यंत जायला माझा खांदा लागायला लागला. दिवाळीपर्यंत तिचं ते मोठं हसणं कुठं गेलं ते मला सांगता येणार नाही. संध्याकाळी मी आले की ती भिंतीकडं तोंड करून बसलेली असायची, चिमणी न लावता. दिवा का लावला नाही विचारलं की म्हणायची, "कशाला?" जेवलात का? "कशाला?" डॉक्टरकडं जायचं का? "कशाला?"

आणि जीभ तेवढी तिखट झाली. मी पाणी गरम करून दिलं तर म्हणायची, "मड्याला घालतात तसलं आणलंस." वेणी घालताना केस ओढला गेला की म्हणायची, "नवऱ्यानं उगंच न्हाई टाकली तुला." मग रात्री झोपताना माझ्या खोलीच्या दारापर्यंत भिंत धरत धरत यायची आणि म्हणायची, "जतकरीण, हैस न्हवं?" मी म्हणायचे, हाय. तेवढंच विचारून जायची.

माझा मात्र हात बसला होता. चार, थांब, फिरव. तिच्यासारखी थापता थापता मी तिच्यापेक्षा तिच्यासारखी थापायला लागले होते. दिवाळीत थोरली सून दारातून जाताना मला म्हणाली, "आमच्या आत्याबाईंचा हात काय चाललाय गं सध्या! ऐकत ऱ्हावं वाटतं." मी मूर्खासारखी लाजले. ती माझंच कौतुक करतेय असं मला वाटलं, आणि ते मला दाखवता येईना म्हणून वाईटही वाटलं.

भोगीचा दिवस. वखारीला सुट्टी. सकाळी मी बांगड्या सारून फडकं बांधून चुलीकडं निघाले, तेवढ्यात दारात थोरली सून. हातात परात, परातीत बाजरीचं पीठ, वर तिळाची वाटी. मागं थोरला, त्याच्या मागं साताऱ्याहून आलेला धाकटा आणि त्याची बायको. मी दारामागं सरकले.

"आत्याबाई," सून म्हणाली, "औंदा भोगीची भाकरी तुमच्या हातची. धाकटं भावजी आल्यात. सगळ्यांस्नी तुमच्याच चुलीवरची खायचीया."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं नाही. तेवढं भान तिला होतं.

सुनेनं मात्र बघितलं. "हाताला काय झालं गं?"

"भाजलं."

"कोपरापतूर?"

मी हात पदराखाली घेतला.

"तू जा तुझ्या खोलीत," म्हातारी मला म्हणाली. "हितं तुझं काय काम न्हाई."

पण सून दारातच उभी होती आणि ती बाजूला झाली नाही.

म्हातारी काठवटीपाशी बसली. बसायलाच तिला किती वेळ लागला. धाकटा पुढं झाला तर तिनं त्याचा हात झिडकारला. गरम पाणी मागितलं. पीठ भिजवलं, मळलं. मळताना तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं, फक्त मानेची शीर वर आली होती. गोळा केला. तीळ लावले. पहिली थाप मारली.

एक. मग इतका वेळ गेला की चुलीतलं लाकूड तडकलेलं सगळ्यांना ऐकू आलं. दोन. तिनं हात झटकला. तीन मारताना बोटांऐवजी तळव्याची कड टेकली. बाजरी कडेनं फाटत चालली होती. ती फाटलेली कड ओल्या बोटानं सांधायची, दुसरीकडं फाटायची. कुणी तरी बोलायला पाहिजे होतं. शेवटी तिनं ती तळव्यावर उचलली, तव्याकडं वळली, आणि अर्धी भाकरी राखेत पडली.

"ऱ्हाऊ द्या आई," थोरला म्हणाला.

"पिठाला विरी न्हाई. जुनं हाय."

"कालच दळून आणलंय," सून म्हणाली.

"मग गिरणीवाल्यानं बदाललंय."

धाकटा हसला. सून हसली नाही. ती खाली बसली, म्हातारीच्या समोर, आणि हळू आवाजात, जवळजवळ मायेनं म्हणाली, "आत्याबाई, गणपतीपतूर तुमची एक भाकरी हुईस्तवर माझ्या चार हुयाच्या. मला वाटायचं, आता काय खरं न्हाई. आन गणपती बसल्यापासनं तुमचा हात तरणा झाला. मी रोज ऐकतीया. म्हातारपण माघारी फिरतंय व्हय कुणाचं?"

तेव्हा मला कळलं मी काय चूक केली होती. मी म्हातारीचा हात शिकले होते, पण तो चांगला असतानाचा. सुजलेला हात कसा वाजतो ते मी शिकलेच नव्हते. मला भाकरी चांगलीच करायची होती.

"आईनं च्यवनप्राश खाल्ला आसंल," धाकटा म्हणाला.

"तुमी गप बसा वो," त्याची बायको म्हणाली.

थोरला माझ्याकडं वळला. तो साधा माणूस होता, त्याचा आवाज कधी चढत नसे. "तू सांग गं. रोज कोण थापतं?"

मी ठरवलेलं होतं. देवाशपथ नाही म्हणणार, आम्हाला देव नाहीत, पण आईची शपथ, मी ठरवलं होतं की म्हातारीच थापते म्हणून सांगायचं. आज हात दुखतोय, गारठा आहे, रोज थापते. तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारी बोलली.

"तिला काय इचारताय?" तिचा आवाज कित्येक महिन्यांनी पहिल्यासारखा खणखणीत झाला होता. "तिच्या हातची खाईन व्हय मी? शुद्धीवर हायसा का? माझ्या चुलीला तिचा हात लागला आस्ता तर चूल फोडून टाकली आस्ती मी. जात बघूनच मागल्या खोलीत ठिवली हुती तिला. चुलीच्या अंगाला कवा येऊ दिली न्हाई. इचारा की तिलाच. काय गं?"

आणि मी बघितलं, सगळ्यांना ते पटलं.

थोरल्यानं मान हलवली. धाकट्याची बायको म्हणाली, व्हय, आत्या तसं न्हाई खायच्या. थोरली सूनसुद्धा, सगळं ऐकलेलं असून, क्षणभर घोटाळली. पाच महिने रोज कानांनी ऐकलेलं एकीकडं, आणि हे एकीकडं. हे जास्त खरं वाटत होतं. म्हातारीला ते माहीत होतं. त्या घरात, त्या माणसांपुढं, चूल वाचवायला याच्याएवढं भक्कम खोटं दुसरं नव्हतं, आणि तिनं ते नेमकं हातात घेतलं. मला फक्त "व्हय" म्हणायचं होतं.

मला त्या वेळी समजलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. समजलं होतं. तिनं "काय गं" म्हणून माझ्याकडं बघितलं तेव्हाच समजलं होतं. तिचे डोळे माझी विनवणी करत होते. पण कानात ते शब्द होते, आणि दारामागं उभी राहून मी चार माणसांच्या माना हललेल्या बघितल्या होत्या.

मी फडकं सोडलं. बांगड्या खळ्ळकन मनगटावर आल्या.

"गणपतीपासनं माझ्याच हातची खातीया," मी म्हटलं. "ऊन ऊन खातीया. माझ्याच हातानं वेणी, माझ्याच खांद्यावर न्हाणीत. इचारा तिला, काल कोरड्यास कुणी केलं. बोटं चाटली तिनं."

शेवटचं वाक्य खोटं होतं. ती कधी बोटं चाटत नसे. ते मी का जोडलं ते मला ठाऊक आहे.

म्हातारी खाली वाकली. राखेत पडलेली अर्धी भाकरी उचलून ती फुंकायला लागली. फुंकत राहिली.

थोरल्या सुनेनं घागरीतून तांब्या भरला आणि चुलीवर ओतला. राख उडाली, वाफ झाली, धाकट्याची बायको खोकली. मग तिनं गोमूत्र आणून शिंपडलं, काठवट बाहेर नेऊन टाकली. तिच्या अंगात कसला राग नव्हता, दिवाळीत घर सारवतात तसं ती करत होती. भोगीची भाकरी पलीकडं गॅसवर झाली. अलीकडं माणसं बसली होती आणि पलीकडून सलग, झपाझप थापा ऐकू येत होत्या.

मला वाटलं, आता माझं सामान रस्त्यावर. मी खोलीत जाऊन ट्रंक भरायला घेतली. तर सून दारात आली.

"तू कुठं निघालीस? खरं बोललीस तू. खरं बोलणाऱ्या माणसाला कोण घालवतंय? फुडल्या खोल्यांत कांदा यील, राखायला कोण तरी पायजेच."

मी तिचे आभार मानले. हातसुद्धा जोडले.

दुसऱ्या दिवशी धाकटा म्हातारीला साताऱ्याला घेऊन गेला. पहिली पाळी त्यानं घेतली. स्टँडपर्यंत रिक्षा आणली होती. तिला दोघांनी उचलून रिक्षात बसवलं. थोरलीनं तिच्या लुगड्यांची पिशवी बांधून दिली. मी मागच्या दारातून बघत होते. तिनं वळून बघितलं नाही. तिला मान वळवायलाही त्रास व्हायचा, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

दोन महिने झाले, चार झाले. पाळी उलटली नाही. साताऱ्याचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं आणि म्हातारी एकदा वर चढली ती पुन्हा उतरण्यासारखी राहिली नव्हती. थोरली म्हणायची, "तिथंच बरं हाय त्यांस्नी. जाऊबाई लय करती."

उन्हाळ्यात एका रविवारी मी इस्टीनं साताऱ्याला गेले. मला तिला एकच विचारायचं होतं. ते शब्द चुलीसाठी होते की खरे होते? खरे असतील तर मी बोलले ते बरोबर झालं. चुलीसाठी असतील तर... तर काय, ते मी ठरवलं नव्हतं. पण तिच्या तोंडून ऐकलं तर निदान झोप लागेल असं वाटत होतं.

धाकटीनं दार उघडलं. मला ओळखलं, आत घेतलं, सरबत दिलं. घर लख्ख. म्हातारी खिडकीपाशी खाटेवर, पाठीला लोड, केस बारीक कापलेले. स्वच्छ. अंगाला साबणाचा वास. मनगटं इतकी बारीक झालेली की ती हातांची वाटत नव्हती.

"आमी कशालाच हात लावू देत न्हाई त्यांस्नी," धाकटी मला कौतुकानं सांगत होती. "काय पायजे ते जाग्यावर. पाण्याचा पेलासुद्धा मीच तोंडाला लावते. सांडतात त्या. आता आराम करायचा म्हटलं, लय केलं जन्मभर."

ती स्वयंपाकघरात गेली. मी खाटेच्या कडेला बसले.

"आई, मी. जतकरीण."

"दिसतंय."

"हात दुखत्यात का?"

"न्हाई," ती म्हणाली. "आता कशानं दुखतील?" आणि दोन्ही हातांकडं असं बघितलं जसं कुणी पाहुणे येऊन बसलेत आणि उठत नाहीत.

मी तिच्या पांघरुणाची घडी नीट केली. मग विचारलं. जसं ठरवून आले होते तसं नीट विचारता आलं नाही. म्हटलं, "आई, त्या दिवशी तुमी मला बोलला, ते मनापासनं बोलला का चुलीपायी?"

तिनं खिडकीबाहेर बघितलं. खाली रस्त्यावर कुणीतरी भांडत होतं, ती ते ऐकत होती की काय कोण जाणे.

"त्यानं काय फरक पडतोय आता?" ती म्हणाली.

"मला पडतो."

"तुला पडत आसंल. तुझं हात चालत्यात." मग माझ्याकडं बघून, "गप बसायचं हुतंस तू. मी कसं का बोलंना. तासभर गप बसली आस्तीस तर माझी चूल ऱ्हायली आस्ती, आन संध्याकाळी माझ्या तोंडात मारली आस्तीस तरी मी काय म्हणली नसती."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"व्हय," ती म्हणाली. बस्स. मला वाटत होतं ती पुढं काहीतरी म्हणेल. जाऊ दे म्हणेल, किंवा शिवी देईल. दोन्हींतलं काहीही चाललं असतं.

स्वयंपाकघरात वाटी-चमचा वाजला. धाकटीच्या पावलांचा आवाज पडद्याजवळ आला. ती अजून पडद्याआड होती, वाटी दिसतही नव्हती, आणि म्हातारीनं माझ्यावरची नजर काढली, मान थोडी वर केली, आणि तोंड उघडून वाट बघत बसली.